अर्धा मिलिमीटर

आबासाहेब सरनोबतांनी कॅनव्हासच्या खोळीतली रायफल माझ्या काउंटरवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "इलाही, ही परत घे. माझी जुनी मला दे."

मी हातातली कानस थांबवली नाही. एका पाटलाच्या बारा बोअरच्या बंदुकीचा चाप घासत होतो, तो घासत घासतच विचारलं, "का? काय खोट निघाली हिच्यात?"

"खोट काही नाही. मला माझी पाहिजे."

"आणि गव्यापुढं जुनी घेऊन जाणार? मारायला जाताय का ओवाळायला?"

हे मी एकसष्ट वर्षांच्या माणसाला बोललो, तेही माझ्या वडिलांच्या वयाच्या. जीभच तशी होती तेव्हा. आता एक्क्याऐंशी वर्षांचा झालोय, दात गेले, कानानं अर्धं ऐकू येतं, जीभ तेवढी शाबूत आहे. पण त्या उन्हाळ्यापासून ती जपून वापरतो.

सदुसष्ट सालची गोष्ट. कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ आमचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही शिकलगार, म्हणजे मूळचे तलवारींना धार लावणारे. आजोबांनी तलवारी सोडून बंदुका धरल्या, वडिलांनी नाव कमावलं आणि ते नाव आयतं माझ्या पदरात पडलं. एकतीस वर्षांचं वय, आणि डोक्यात अशी हवा की बेळगावपासून साताऱ्यापर्यंत आपल्याएवढं बंदुकीतलं कुणाला कळत नाही. शिकारीवर तेव्हा बंदी नव्हती, परवाना काढला की झालं. शिकारी मंडळी सकाळपासून दुकानात येऊन बसायची, चहा व्हायचा, आणि कुठल्या जनावराला कुठली रायफल यावर माझं प्रवचन चालायचं. मी स्वतः उभ्या आयुष्यात ससासुद्धा मारला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल. आबासाहेबांची जुनी रायफल नऊ मिलिमीटरची, त्यांच्या तरुणपणी घेतलेली. तिनं त्यांनी चार गवे पाडले होते, चारही एकेका गोळीत. मी दिलेली तीनशे पंचाहत्तरची. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले तीनशे पंचाहत्तर. मिलिमीटरात साडेनऊ. बघायला गेलं तर फरक अर्ध्या मिलिमीटरचा, दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर होईल एवढा. पण गोळीमागची दारू दीडपट आणि खांद्याला बसणारा धक्का दुप्पट.

आदल्या दसऱ्याला ती रायफल मीच त्यांच्या गळ्यात घातली होती. एका जहागीरदाराच्या कपाटातून ती माझ्याकडं आली, तेव्हा अशी चीज बाहेरून आणायला परवानगी मिळत नव्हती. आबासाहेब दुकानात नऊची साफ करून घ्यायला आले होते. सात-आठ जण बसलेले. मी म्हणालो, "आबासाहेब, या वयात ही काठी घेऊन गव्यापुढं उभं राहता? आता पळायचं म्हटलं तरी गुडघे साथ देणार नाहीत. गव्याला तीनशे पंचाहत्तरच पाहिजे. खाली एक नाही आणि वर एक नाही." सगळे हसले. आबासाहेबही हसले. गावाबाहेरच्या खाणीत नेऊन मी त्यांना एक गोळी उडवायला लावली, आणि नऊची माझ्याकडं ठेवून ते तीनशे पंचाहत्तर घेऊन गेले.

आता सहा महिन्यांनी ती परत आणली होती, आणि वेळ कुठली, तर गवा मारायला निघायची.

राधानगरीच्या वरच्या जंगलात एक एकुलगा गवा, म्हणजे कळप सोडून एकटा फिरणारा नर, माणसांवर उठला होता. फेब्रुवारीत भेंडवाडीच्या धनगरवाड्यातली ठकूबाई झोरे शिकेकाई गोळा करायला गेली, तिला त्यानं मारलं. मार्चमध्ये एका गड्याची मांडी फाडली. लोक रानात जायचे बंद झाले, म्हशी दावणीला बांधून राहिल्या. तेव्हा जंगल खात्यानं त्या एका जनावरापुरता परवाना काढला, आणि आबासाहेबांनी साहेबांच्या दारात दोन खेपा घालून तो मागून घेतला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मी त्यांना उलटसुलट समजावलं. सांगितलं, तो गवा साधा नाही, जायबंदी आहे, लंगडतोय. कुणीतरी चोरट्यानं ठासणीच्या बंदुकीतून छर्रे मारून त्याला अर्धवट सोडलाय. असल्या माणसाला भर चौकात उलटं टांगलं पाहिजे, असंही म्हणालो. चोराचं पाप, आणि जीव गेला त्या गरीब बाईचा.

आबासाहेब ऐकत होते. त्यांची नजर माझ्या डोक्यावर, भिंतीवरच्या सांबरशिंगांकडं होती. वडिलांच्या काळात दोन इनामदार त्या सांबरावरून हातघाईवर आले होते. एकानं जखमी केलं, दुसऱ्यानं पुढच्या टेकडीवर पाडलं, आणि दोघं न्यायाला आमच्या दुकानात. वडिलांनी सांगितलं, शिकारीचा कायदा एकच, पहिलं रक्त ज्याचं, जनावर त्याचं. रागावून दोघांनीही शिंगं इथंच टाकली आणि निघून गेले.

"तुझ्या वडिलांनी न्याय बरोबर केला होता," आबासाहेब म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "नऊची विकलीस की आहे?"

विकणार कुणाला? तिची काडतुसं दुसऱ्या महायुद्धापासून येत नव्हती. कपाटात पडून होती. पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, चला खाणीत. दोन्ही उडवून बघू, आणि मग तुमच्या तोंडानं सांगा कुठली न्यायची.

गावाबाहेर कळंब्याच्या वाटेवर एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिथं आम्ही बंदुका तपासायचो. बाराचं ऊन, खाली तापलेला मुरूम. डोक्यावरची टोपी मी झोपतानाच काढतो, तीसुद्धा घामानं चिकटली होती.

इथं आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला पाहिजे. वडिलांनी एक प्रकारचं काडतूस करून ठेवलं होतं, आत दारू नाही, बुडाला ठिणगी देणारी टोपी नाही, बाहेरून मात्र अस्सल. त्याला आम्ही मुकं काडतूस म्हणायचो. नवं गिऱ्हाईक फार बढाया मारायला लागलं की त्याच्या नकळत ते मधेच भरायचं. माणूस चाप ओढतो, बार होत नाही, आणि बार व्हायच्या आधी त्याचा हात काय करतो ते सगळं उघडं पडतं. प्रत्येक मापाचं एकेक मुकं काडतूस माझ्या खिशात असायचं. मला वाटलं, आबासाहेबांचा हात दगडासारखा असणार, तेच त्यांना दाखवू, म्हणजे मुकाट्यानं मोठी रायफल घेऊन जातील. त्यांची पाठ होती तेव्हा मी तीनशे पंचाहत्तरमध्ये मुकं काडतूस सारलं आणि रायफल हातात दिली.

त्यांनी नेम धरला. चाप ओढला. खट्ट.

नळी वीतभर खाली गेली होती. डोळे दोन्ही मिटलेले, गाल रायफलीच्या लाकडी दस्त्यापासून दूर, दात आवळलेले. नवशिक्या कॉलेजच्या पोराचं होतं तसं. चार गवे चार गोळ्यांत पाडणाऱ्या माणसाचं.

त्यांनी डोळे उघडले, नळीकडं बघितलं, मग काडतूस बाहेर काढून तळहातावर घेतलं. ते त्यांना लगेच ओळखू आलं. माझ्या वडिलांनी ते करताना आबासाहेब शेजारी बसलेले असणार.

"दिसलं?" ते म्हणाले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वडीलधाऱ्या माणसाचं धोतर भर रस्त्यात सुटावं आणि आपण समोर असावं, तशी गत. "कधीपासून होतंय हे?"

"पहिल्या गोळीपासून. दसऱ्याला इथंच उडवली ना, तेव्हा दाताखाली जीभ आली. तू म्हणालास, सवय होईल. झाली नाही. आता धक्का बसायच्या आधीच अंग घाबरतं. माझं ऐकत नाही."

"मग तेव्हाच सांगायचं होतं!"

"दुकानात आठ माणसं होती, इलाही."

मग मी म्हणालो, "दिवाळीत गव्याच्या परवान्यावर हीच नेली होती ना तुम्ही?"

"हीच."

"पण गवा दिसलाच नाही म्हणालात."

"तसं म्हणालो होतो," ते म्हणाले आणि रुमालानं मुकं काडतूस पुसून माझ्या हातात दिलं.

मग मी त्यांना नऊची दिली. या खेपेला सांगूनसवरून मुकं काडतूस भरलं, आणि नळीच्या टोकावर एक चिंचोका ठेवला. आबासाहेबांनी गाल टेकवला, तसा त्यांचा चेहराच बदलला. घरी आल्यासारखा झाला. खट्ट झालं. चिंचोका जागचा हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. मग एक खरं काडतूस, शंभर पावलांवरच्या डब्यावर. डबा उडाला.

नऊची सहा काडतुसं होती, त्यातलं हे गेलं. उरलेल्या पाचांतली दोन तळाशी हिरवी पडली होती, ती मी बाजूला केली. म्हणजे तीन. तीन जुनी काडतुसं, एक टनाचं जखमी जनावर आणि एकसष्ट वर्षांचा माणूस. मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी बायकोला म्हणालो, मी पण जातो त्यांच्या मागं, तीनशे पंचाहत्तर घेऊन. जैबून म्हणाली, कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माणूस तुम्ही, गव्यापुढं काय करणार? मी म्हणालो, आबासाहेबांना काही झालं तर दुकानाची इज्जत जाईल. दुकानाचं नुसतं नाव. त्या म्हाताऱ्याचा जीव जाईल ही भीती होती, पण तसं बोलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपनं राधानगरी, तिथून पुढं पायी भेंडवाडी. वाटाड्या म्हणून जंगल खात्याच्या गार्डानं जो माणूस आणून उभा केला, तो धुळू झोरे. ठकूबाईचा नवरा. पस्तिशीचा, उंच, अंगावर घोंगडं, बोलणं मोजकं. गवा कुठल्या पाण्यावर येतो, कुठल्या झाडाला अंग घासतो, सगळं त्याला ठाऊक होतं. दोन महिने तो नुसता त्याच्या मागावर होता, हातात कुऱ्हाडीशिवाय काही नसताना. गार्ड मला हळूच म्हणाला, मरायलाच जात होता हो, आम्ही दोनदा ओढून आणला.

आबासाहेबांनी धुळूला नमस्कार केला. खाली वाकून केला. धुळू गोंधळला, म्हणाला, "आसं काय करताय आबासाब, तुमी थोर मानसं." त्या रात्री धनगरवाड्यात भाकरी झाली, ताक झालं. आबासाहेबांनी ताटाला हात लावून ताट बाजूला सारलं. मला वाटलं, उद्याची काळजी.

पहाटे निघालो. गार्डाला आबासाहेबांनी वाडीतच ठेवलं, जास्त माणसं नकोत म्हणून. पुढं धुळू, मागं आबासाहेब, त्यांच्या मागं मी, खांद्यावर ती जड धोंड. दोन तास चाललो. करवीच्या रानात पानापानावर माग होता. धुळूनं एकदा वाकून माती हुंगली, मला बोलावलं. पुवाचा वास येत होता. "सडतोय त्यो," धुळू म्हणाला, "आतनं सडतोय." आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

नऊच्या सुमाराला तो दिसला. ओढ्यापलीकडं, चाळीस पावलांवर, ऐनाच्या झाडाखाली आडवा उभा. चित्रात बघतो तसा रुबाबदार नाही. गुडघ्यापर्यंतचे मोज्यासारखे पांढरे पाय चिखलानं काळे, बरगड्या मोजून घ्याव्यात, आणि उजव्या कुशीवर थाळीएवढी जखम, तिच्यावर माश्यांचा थर. मान खाली घालून नुसता उभा होता. मला त्याची भीती वाटायला हवी होती. आधी कीव आली आणि मग भीती.

आबासाहेबांनी आम्हाला हातानं थांबवलं आणि स्वतः दहा पावलं पुढं गेले, एका दगडाला टेकून. रायफल वर गेली. गाल टेकला. मी नळीकडं बघत होतो; सवय. ती तसूभर हलली नाही.

बार झाला. गव्याच्या खांद्यामागं धूळ उडाली, तो गुडघ्यावर आला, आणि उठला. आणि सरळ आमच्याकडं आला. लंगडा म्हणून कोण म्हणेल. ओढ्यातले गोटे उडाले. माझ्या हातात तीनशे पंचाहत्तर होती, गव्याला खाली एक नाही आणि वर एक नाही अशी. मी खांद्याला लावली आणि चाप ओढला. खरं तेच सांगतो, डोळे मिटून ओढला. खांदा निखळला असं वाटलं, आणि ऐनाच्या शेंड्यावरची एक फांदी खाली आली. माझी गोळी तिथं लागली होती.

आबासाहेब हलले नाहीत. खटका मागं-पुढं करून दुसरं काडतूस वर घेतलं, पंधरा पावलं राहिली तेव्हा मानेत गोळी घातली. जनावर त्यांच्यापासून चार हातांवर पडलं. त्याचा श्वास एकदा मोठ्यानं बाहेर आला, तो मला अजून ऐकू येतो. मग रान गप्प झालं.

मी खालीच बसलो.

बार ऐकून तासाभरात वाडीतली माणसं आली, बाया आल्या, गार्ड आला. माणसं गव्याभोवती उभी राहिली, कुणी आनंदानं ओरडलं नाही. जंगल खात्याला जखमेची नोंद पाहिजे होती, म्हणून गार्डानं ती उघडायला सांगितली. मी उठून पुढं झालो. आता माझा विषय आला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, काढा त्या चोरट्याचे छर्रे, म्हणजे कुणाची बंदूक ते मी सांगतो.

धुळूनं सुरीनं जखम चिरली. वास असा आला की दोघं जण मागं सरले. त्यानं मनगटापर्यंत हात आत घातला, चाचपला आणि एक काळी वस्तू बाहेर काढली. ओढ्यात धुतली.

"छर्रा न्हाय ह्यो," तो म्हणाला. "मिस्त्री, बघा."

रायफलची गोळी होती. टोक फुलासारखं फुटलेलं, पण बूड शाबूत. माझ्या खिशात माप घ्यायचा व्हर्निअर कायम असायचा. मी बुडाला लावला आणि वाचला. पुसला आणि पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नऊ असतं तर बरं झालं असतं, असं वेड्यासारखं वाटलं. साडेनऊ होतं.

जिल्ह्यात तेव्हा तीनशे पंचाहत्तर तीन होत्या. दोन बड्या लोकांच्या कपाटात कुलपात, वर्षातून एकदा तेल घालायला माझ्याकडं यायच्या. तिसरी माझ्या खांद्यावर होती.

मी मान वर केली. आबासाहेब माझ्याकडंच बघत होते. मी काय वाचलं ते त्यांना विचारायची गरज नव्हती.

तेवढ्यात धुळू त्यांच्यापुढं आला. त्यानं कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली होती. बिरोबाच्या नावानं चिमूटभर हळद घेऊन त्यानं हात वर केला, आबासाहेबांच्या कपाळाला लावायला. त्याचे डोळे भरून आले होते. बायको गेल्यापासून त्याच्या डोळ्यांत पाणी कुणी बघितलं नव्हतं, असं गार्ड मला नंतर म्हणाला.

आबासाहेबांनी त्याचं मनगट वरच्यावर धरलं. "थांब, धुळू. पहिलं रक्त माझं आहे."

धुळूला वाटलं, शिंगांचं बोलतायत. "शिंगं तुमचीच की आबासाब. कोन न्हाय म्हनतंय?"

"आजचं नाही म्हणत मी. दिवाळीतलं. ती गोळी माझी आहे. हात घाबरला आणि गोळी पोटात गेली. तीन दिवस माग काढला, चौथ्या दिवशी रक्त दिसायचं थांबलं. मग घरी गेलो आणि गवा दिसलाच नाही म्हणून सांगितलं. इथं येऊन खरं सांगितलं असतं, रानात जखमी गवा आहे, जाऊ नका, तर तुझी बायको शिकेकाईला गेली नसती. लाजेपायी बोललो नाही."

एवढं सगळं ते एका दमात बोलले, आणि धुळूचं मनगट सोडलं.

मी पुढं झालो. "रायफल मी दिली, धुळू. त्यांना नको होती. आठ माणसांत त्यांच्या वयाला हसलो आणि गळ्यात घातली."

"तू गप्प बस, इलाही," आबासाहेब म्हणाले. "मिस्त्री बंदूक देतो. बोट देत नाही."

धुळू आमच्याकडं बघत राहिला, एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं. चिमूट तशीच हवेत. मला वाटलं, आता कुऱ्हाड उचलेल, आणि उचलली असती तर मी पळालो नसतो. पण तो वळला. गव्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसला आणि ती हळद त्यानं गव्याच्या कपाळाला लावली.

"ह्येचा तरी काय गुन्हा हुता," तो म्हणाला.

मग पिशवीचं तोंड दोरीनं आवळलं, कमरेला बांधलं आणि वाडीच्या वाटेला लागला. मागं एकदाही बघितलं नाही. बाकीची माणसंही त्याच्या मागून गेली.

परतीच्या वाटेवर राधानगरीत जीपमध्ये बसायच्या आधी आबासाहेबांनी जंगल खात्याच्या कचेरीत सगळं लिहून दिलं. वरून चौकशी आली, त्यांनी ती खाली मान घालून झेलली. शिकारीचा परवाना परत केला. नऊची रायफल माझ्याकडं आणून दिली, म्हणाले, आता हिचं काम संपलं. गावात लोक बोलले, नाही असं नाही. त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

ते भेंडवाडीला मात्र जात राहिले. पावसाळा सोडून दर दोन-तीन महिन्यांनी. मी एकदा सोबत गेलो. धुळूच्या दारातल्या दगडावर जाऊन बसायचे. धुळू आत असला तर बाहेर यायचा नाही, बाहेर असला तर आत जायचा नाही. त्याची आई ताकाचा तांब्या आणून ठेवायची, ते प्यायचे आणि उठायचे. मी विचारलं, काय मिळतं तुम्हाला हे करून? म्हणाले, काही मिळवायला जात नाही.

दुकानात मी कॅलिबरवर प्रवचन देणं सोडून दिलं. कुणी येऊन विचारलं, मिस्त्री, मोठ्या जनावराला कुठली, की आधी त्याला खाणीत न्यायचो, पण एकट्याला. मुकं काडतूस आहे हे सांगून भरायचो आणि नळीवर चिंचोका ठेवायचो. ज्या मापाला चिंचोका पडत नाही, ते तुझं माप, बाकी सगळं पुस्तकात, असं सांगायचो. मग बहात्तर साली कायदा आला, शिकारच बंद झाली, आणि कुणी विचारायचं राहिलं नाही. ते बरंच झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी आबासाहेब गेले. झोपेतच गेले. पंचगंगेच्या घाटावर आम्ही पाचपन्नास माणसं होतो. चितेवर ठेवायच्या आधी लोक शेवटचं पाया पडत होते, तेव्हा गर्दीतून घोंगडं पांघरलेला एक उंच माणूस पुढं आला. धुळू होता. केस पांढरे झाले होते. निरोप त्याला कुणी दिला ते मला अजून माहीत नाही. पहाटेच डोंगर उतरून, एसटी धरून आला होता.

तो आबासाहेबांच्या उशाशी बसला. कमरेची पिशवी सोडली, चिमूट काढली आणि सावकाश, बोटानं नीट पसरवत, त्यांच्या कपाळाला भंडारा लावला.

"राह्यलं हुतं," तो म्हणाला. त्यांनाच म्हणाला.

मग उठला आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पिशवीत परत हात घातला होता, पण बाहेर काढत नव्हता. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं बघत होता, लावू की नको, या विचारात असावा. सहा वर्षं मी ज्या गोष्टीची वाट बघत होतो, ती हीच होती हे मला तेव्हा समजलं. मी टोपी काढली आणि मान खाली केली.